सविता मावशीचा प्रश्न

रेश्माने वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये, शोधाच्या चौकटीत, अख्खा प्रश्नच टाकला: ऊस तोडणाऱ्या तिशीच्या आतल्या बाईची गर्भपिशवी काढावी का? इंग्रजीत, व्याकरण सांभाळून. समोर आलं काय, तर उसावरची बुरशी, उसाच्या चिपाडाच्या विटा आणि कुठल्याशा परदेशातल्या मजुरांची मूत्रपिंडं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

कॉलेजचे ग्रंथपाल सूर्यभान सर मागे उभे होते. हा काय ज्योतिषी आहे का, असं विचारून ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी तिला प्रश्नाचे तुकडे करायला शिकवलं. बाई कोण, ऑपरेशन कुठलं, परिणाम काय. प्रत्येक तुकड्यासाठी डेटाबेसने ठरवून दिलेला शब्द हुडकायचा, लोक ज्या ज्या नावांनी ती गोष्ट लिहितात ती सगळी नावं 'किंवा'ने जोडायची, आणि मग ते तुकडे एकमेकांना 'आणि'ने बांधायचे.

बी.एस्सी. करून रेश्मा नगरला सार्वजनिक आरोग्य शिकायला आली होती. प्रबंधाचा विषय द्यायचा होता. वर्गातली पोरं मागच्या बॅचचा प्रबंध उचलून त्यात फक्त गावाचं नाव बदलायची आणि वर खुशाल मिरवायची. तिला त्याची शिसारी यायची. पण तिची घाई वेगळीच होती. पाथर्डीकडची तिची धाकटी मावशी, सविता, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघणार होती. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं. गोळ्या घेतल्या की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. बाई दुखण्याने बसली की खाडा पडतो, तेव्हा जाण्याआधी पिशवी काढून या, असं टोळी नेणाऱ्या मुकादमाने सांगून टाकलं. त्या बाजूला ही आता रीतच झाली होती. एका डॉक्टरने ऑपरेशनसाठी सोमवार दिलासुद्धा. मावशीने फोनवर एवढंच विचारलं होतं.

"तुझ्या त्या कम्प्युटरात बघून सांग, काढू का न्हाई?"

तुकडे बांधल्यावर लेख भराभर आले. रेश्मा एकेक वाचत गेली. कोवळ्या वयात पिशवी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, म्हातारपण आधीच गाठतं. सगळं माहीत होतं हे लेख लिहिणाऱ्यांना. तिच्याच भागातल्या बायका मोजून झाल्या होत्या, त्यांचे तक्ते झाले होते, शेवटी त्यांचे आभारही मानले होते. थू असल्या आभारांवर! मोजून गेलेल्यांपैकी एकानेही परत येऊन तिच्या मावशीसारखीला चार शब्द सांगितले नव्हते.

तिने आणखी एक तुकडा जोडला: ऑपरेशनच्या आधीपासून बाईवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास. उत्तर शून्य. शून्य आलं तर आधी आपली चूक शोधायची, असं सरांनी बजावलं होतं. तिने शब्द बदलले, वर्षांची मर्यादा काढली. तरी शून्य. मग ती तडक उठून विभागात गेली.

तिच्या गाईड पुष्पावती मॅडम खूश झाल्या. असा गॅप, कुणीच न केलेला अभ्यास, सापडायला नशीब लागतं, म्हणाल्या. मावशीचं कळल्यावर तर खुर्चीत पुढे सरकल्या.

"सोमवारी ना? मग शनिवारीच तिच्या तपासण्या करून घे. पहिली केस घरातलीच मिळाली."

रेश्मा "हो मॅडम" म्हणाली. वर हसली. जिन्यात आल्यावर ते हसू आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. मॅडमची किळस आली ती आलीच, पण शून्य बघून आपल्यालाही आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या, हे काही केल्या गिळता येईना. तिने सगळं शोधलं होतं. मावशीचं दुखणं कशाने जाईल, तेवढं शोधलं नव्हतं.

ती परत ग्रंथालयात येऊन बसली. पांढरं जाण्याची सगळी नावं, उपचारांची सगळी नावं, मध्ये 'आणि'. पहिल्याच पानावर होतं. तपासायचं, जंतू कुठला ते बघायचं, गोळ्या द्यायच्या. काही जंतूंचं औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं. एकटीने घेतलं तर दुखणं उलटतं.

तिने तिथूनच फोन लावला. काढू नकोस, म्हणाली. इथे ये, नीट तपासून घेऊ, गोळ्यांनी जाण्यासारखं आहे. फक्त काकांनाही घ्याव्या लागतील बहुतेक.

पलीकडे मावशी कोंबड्यांच्या कलकलाटातून बाजूला सरकली.

"त्यांनी?" मावशीचा आवाज एकदम खाली आला. "ते न्हाई घ्यायचे बाई. आन त्यांना सांगायचं कुनी? त्यापरीस काढलेली बरी."

रेश्माचं तोंड कडू झालं. कानिफनाथ काका काही वाईट माणूस नव्हता. तिची पेटी डोक्यावर घेऊन त्यानेच तिला होस्टेलवर आणून सोडलं होतं. त्याच्यापुढे ती आजवर मान वर करून बोलली नव्हती.

"काका घरात हायेत?"

"हायेत की. खाटंवर पडलेत."

"फोन त्यांच्याकडं दे," रेश्मा म्हणाली.