पुल्खेरचं पान

वहिनींची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती. उद्या नऊ वाजता धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि तिला सोबतीला दुसरं कुणी नाही. याआधी दोनदा "येते गं" म्हणून वहिनी गेल्याच नव्हत्या. दोन्ही वेळा नवऱ्याचा लॅटिन-मराठी शब्दकोश आडवा आला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. बहीण आपली वाट बघत बसलेली.

आजही तेच. चारच्या बसला तास उरला होता. छापखान्याचा माणूस पानं न्यायला पायरीवर येऊन बसला होता, वहिनी टाइपरायटरवर बोटं ठेवून होत्या, आणि कोशकार एका लॅटिन विशेषणापाशी अडले होते.

"पुल्खेर, पुल्ख्रा, पुल्ख्रुम. नामाचं लिंग बदललं की हेही बदलतं. आपलं 'सुंदर' ढिम्म हलत नाही."

"मग 'देखणा' घाला. देखणा, देखणी, देखणं. हललं की नाही?"

"अगं, ते लोक पराक्रमालाही पुल्खेर म्हणत. देखणा पराक्रम म्हणू?"

"मग दोन्ही घाला!"

"अर्थ पातळ होतो."

"पातळ व्हायला ते काय दूध आहे, अहो?"

पायरीवरचा माणूस खाकरला. "वहिनी, उद्या येऊ का?"

"खबरदार उठलात तर!"

चारला पाच मिनिटं उरली तेव्हा कोशकारांनी हात टेकले. "घाल. सुंदर, देखणा; कृतीबद्दल असेल तर उदात्त." हाती लिहिलेल्या कच्च्या कागदावर पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते गाळून वहिनींनी ओळ टाइप केली, पान खसकन ओढलं, माणसाच्या हातात कोंबलं आणि पिशवी घेऊन पळत सुटल्या. चारची बस वळणापलीकडे गेलेली दिसली.

पुढची सहाला. घर पाच मिनिटांवर होतं, पण उंबऱ्यात पाऊल टाकलं की पुढचा शब्द पुढ्यात येणार, हे तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. थांब्यावरच्या बाकावरच त्या धुमसत बसून राहिल्या.

सहाला बस आली आणि पाठोपाठ, वहिनी थांब्यावरच असल्याचं कुणाकडून कळून, सपाता फटफटवत कोशकार. "थांब! 'अधिक सुंदर' नि 'सर्वांत सुंदर' राहिलंच! पुल्ख्रिओर, पुल्खेरिमुस!"

"आल्यावर बघू," म्हणत वहिनी बसमध्ये चढल्या.

"अगं, छापून होईल तोवर! टाइप कोण करणार?"

"आजोबा, चढताय की शाळा घेताय?" ड्रायव्हर ओरडला.

वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दहा बोटं देवानं तुम्हालाही दिलीत!"

बस सुटली.