मागच्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. वीतभर लांब, लोखंडी, आडवी सरकणारी. माझ्याकडे कोणी बघत नाही, नुसतं सरकवतात. पण माझ्यापायी वीस माणसांचं घर मोडता मोडता राहिलं, म्हणून म्हटलं, एकदा मन मोकळं करावं. जरा सावरून बसा.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून हार्डवेअरच्या दुकानात आले आणि खिळ्यांच्या डब्याशेजारी कितीतरी दिवस पडून राहिले. एकदा सुतारमामा आला. त्याने मला दोनदा मागेपुढे सरकवलं आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे हिचा. ही द्या." आयुष्यातलं माझं ते पहिलं कौतुक.

तो मला घेऊन गेला एका निवासगृहात. घरी सांभाळायला कोणी नाही अशी वीस म्हातारी माणसं तिथे राहत. घर चालवायच्या ताई. सरकारचा परवाना काचेच्या चौकटीत दर्शनी भिंतीवर होता. रोज सकाळी देवाला नमस्कार झाला की ताई त्या काचेवरून हळूच फडकं फिरवीत. "ह्या दोघांच्या कृपेवर चाललंय आपलं," असं म्हणत.

त्या वीस जणांत एक बहीण-भाऊ होते. आक्का चाकांच्या खुर्चीत असे. तिच्या पायांतली सगळी ताकद जिभेत उतरली होती. तिचा धाकटा भाऊ टपालकाका. तीस वर्षं पत्रं वाटलेला माणूस. सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवत नसे, पण दहा वाजले की पिशवी खांद्याला अडकवून तो मागच्या दाराने निघालाच! एकदा तो चौकात, गाड्यांच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोरे कागद वाटताना सापडला. त्याच दुपारी सुतारमामाने मला मागच्या दारावर बसवलं. अगदी वर, कारण पिशवी वाहून वाहून काकाचा हात खांद्याच्या वर जात नसे. ताईंनाही मला काढायला स्टूल लागे.

सात वर्षं मी काकाला अडवलं. रोज दहाला तो दार ढकलून बघे आणि "आज सुट्टी दिसतेय" असं पुटपुटत मागे फिरे. वाईट वाटायचं मला. पण ताई म्हणायच्या, "ही कडी आहे म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे," आणि मी फुगून जायची.

मग परवान्याची मुदत संपत आली. नवा मिळाला नाही तर घर बंद. बायकांची सोय एका गृहात, पुरुषांची दुसऱ्या. म्हणजे आक्का एकीकडे आणि काका दुसरीकडे. ज्या माणसाला जगात फक्त बहिणीचा चेहरा ओळखू येतो, त्याचं काय होणार, सांगा बरं!

ताईंनी कंबर कसली. चादरी धुतल्या, नळ दुरुस्त केले, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी सुतारमामाकडून सगळी दारं हिरवीगार रंगवून घेतली. मामा हाताचा मोकळा. दाराबरोबर त्याने मलाही रंगवलं. मी लावलेलीच होते, तशीच. दोन हात, जाड. मीही खूश! नवं लुगडं नेसल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. शांत, कमी बोलणाऱ्या. खोल्या पाहिल्या, खाटांमधलं अंतर टेपने मोजलं. मग म्हणाल्या, "समजा, स्वयंपाकघरात आग लागलीय. सगळ्यांना मागच्या दाराने अंगणात आणा. मी घड्याळ लावते."

ताई स्टुलावर चढल्या आणि मला ओढू लागल्या. मी हलेना! रंग वाळून मी दाराशी एकजीव झाले होते. ताई ओढतायत, सुतारमामा खालून दार हलवतोय, मागे माणसांची रांग खोळंबलेली.

"अगं बाई," आक्का ओरडली, "एव्हाना आमचा कोळसा झाला असता!"

कोणी हसलं नाही. बाईंनी घड्याळ बंद केलं.

"ही कडी कोणासाठी?"

ताईंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सगळं सांगितलं.

"एकाला सांभाळायला वीस जणांना कोंडलंत," बाई म्हणाल्या. मग त्यांची नजर औषधांच्या कपाटाकडे गेली. "आणि गोळ्यांचं कपाट सताड उघडं! ताई, परवाना आज नाही मिळायचा. पंधरा दिवसांनी येईन. शेवटची संधी."

 त्या रात्री आक्का काकाचा हात धरून बसली होती.

सकाळी सुतारमामाने पटाशीने रंग खरवडून मला उचकटलं. "फेकू?"

"फेकायची कशाला? कपाटाला लाव की," ताई म्हणाल्या. "चूक तिची नाही, माझी आहे."

मागच्या दाराला एक घंटा बांधली. दार उघडलं की ती वाजे, आणि जवळ असेल ते कोणीतरी काकासोबत जाई. ताईंनी फाटकावर पत्रपेटी लावली. दहा वाजता काका आक्काची खुर्ची ढकलत अंगणातून फाटकापर्यंत जाई, पत्रं काढी, आणि आक्का नावं वाचून दाखवी.

पंधराव्या दिवशी बाई आल्या त्या बरोबर दहाला.  बाईंनी घड्याळ लावलं मात्र, काकाने पिशवी अडकवली. "चल आक्का, उशीर नको." घंटा वाजली, दार उघडलं, आणि सगळ्यांच्या पुढे काका आक्काला घेऊन अंगणात! त्याच्यामागून बाकीचे. सव्वादोन मिनिटं.

"सगळ्यांत आधी कोण निघालं, बघितलंत?" बाई ताईंना म्हणाल्या, आणि तिथेच सही केली.

मित्रांनो, आता मी औषधांचं कपाट राखते. कडेला थोडा हिरवा रंग आहे अजून. ताईंनी तो मुद्दाम ठेवलाय. माझं तुम्हांला एकच मागणं आहे. दाराला कडी घालण्याआधी एकदा वळून बघा, आत कोण राहिलंय. मी सात वर्षं राखणीच्या नावाखाली एका माणसाची वाट अडवली. आता रोज दहाला घंटा ऐकते. चाकं अंगणात करकरतात, आणि आक्काचा आवाज येतो, "हळू रे धाकट्या, पत्रं कुठं पळून जात नाहीत!"