टेबल तीन, चौदा नंबर

“आधी पाय पुसा,” दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि ब्रोडर लोरेन्झेन पाय न पुसता पायपुसण्यावर तसाच उभा राहिला. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात राउटरचं खोकं. माणूस कानानं कमी असेल असं वाटून बाईंनी तेच जरा मोठ्यानं सांगितलं. ब्रोडरला पहिल्याच वेळी नको इतकं ऐकू आलं होतं. हा आवाज त्यानं बावीस वर्षं जवळजवळ रोज कानाला लावला होता, आणि त्याला चेहरा आहे हे तो आज पहिल्यांदा बघत होता.

हे मला त्यानं सांगितलं, आणि पुढे बाईंनीही. दोघांच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी बाईंचं खरं धरलं आहे, कारण ब्रोडर स्वतःबद्दल बोलताना निम्मं गिळतो. मी टेलिफोन कचेरीत लाइनमन लोकांना कामाच्या चिठ्ठ्या वाटायचे. सकाळी चिठ्ठी द्यायची, मुदतीत परत घ्यायची आणि तिच्यावर ‘पूर्ण’ नाहीतर ‘अपूर्ण’ असा शिक्का मारायचा. उत्तर जर्मनीतल्या आमच्या हुझुमच्या आसपासचा एकही लाइनमन माझ्या ‘अपूर्ण’मधून सुटला नव्हता. सुटला होता तो एकटा ब्रोडर. एकदा वादळात खांबासकट खाली आला, तर हात गळ्यात बांधून दुसऱ्या खांबावर चढला आणि काम पुरं करून आला. एक्केचाळीस वर्षं हे असं चाललं होतं. अभिमान वगैरे त्यानं कधी दाखवला नाही. पण चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली की शिक्का उमटेपर्यंत तो जागचा हलत नसे.

आता त्याच्या नोकरीचे दोनच दिवस उरले होते, गुरुवार आणि शुक्रवार. जाता जाता सोपं काम द्यावं म्हणून मी टेल्झे इंगवर्सन या बाईंची चिठ्ठी त्याच्याकडे दिली. समुद्राच्या बांधाला लागून घर, जुनी लाइन काढून आयएसडीएनची नवी लावायची आणि तिच्यावर राउटर बसवायचा. बाई वरच्या खोल्या सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना देत. एक संगणक स्वैपाकघरात, एक वर पाहुण्यांसाठी, आणि दोघांना एकाच लाइनवरून इंटरनेट. नव्व्याण्णव साली आमच्याकडे ज्याला त्याला हेच हवं होतं. एका तारेत दोन वाटा, एका घरात तीन नंबर, एकानं बोलत बसावं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी इंटरनेटवर जावं. यात अवघड काय, असं मला वाटलं. माझी अक्कल.

गुरुवारी दहा वाजेपर्यंत भिंतीवरची डबी बसली, तारा जोडल्या गेल्या, दिवाणखान्याच्या बाहेरचा फोन वाजला, स्वैपाकघरातला वाजला. इथवर ब्रोडरचं राज्य होतं. मग त्यानं राउटर काढला आणि त्याचं साठ पानांचं पुस्तक. या यंत्रानं आपला आपण नंबर फिरवायचा, पलीकडच्या यंत्रानं फोन उचलून नाव आणि परवलीचा शब्द विचारायचा, सगळं जुळलं की हिरवा दिवा लागून राहायचा. काम संपलं की यंत्रानंच फोन ठेवून द्यायचा. ब्रोडरनं पुस्तकात बघून एका बोटानं सगळं टाइप केलं. हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. त्यानं केबल बदलली. तारा उपटून पुन्हा लावल्या. सॉकेटचे स्क्रू काढले, तोंडानं मोजत पुन्हा बसवले. दिवा लुकलुके आणि विझे. चार वाजता बाईंनी स्वैपाकाला जागा हवी म्हणून त्याला उठवलं.

कचेरीत आला तो चिठ्ठी खिशातच ठेवून. मी त्याची थोडी थट्टा केली, म्हटलं, निरोपाच्या केकवर तुझं नाव घालायचंय, ते पूर्ण घालू की अपूर्ण. तो हसला नाही.

“दिवा लागत नाही,” तो म्हणाला. “आणि ती बाई टेबल तीन आहे.”

आमच्या वेळची माणसं हे लगेच समजतील, बाकीच्यांना सांगते. पूर्वी जोडणी झाली की लाइनमननं खांबावरूनच टेस्ट टेबलाला फोन करायचा. टेबलं फ्लेन्सबुर्गला होती, तिथे बायका बसत. टेबलावरची बाई लाइन तपासायची आणि म्हणायची, मोजा. मग लाइनमननं एक ते दहा आकडे म्हणायचे, तिनं खरखर आहे का ते ऐकायचं आणि सांगायचं, लाइन चांगली आहे. नावं सांगायची नाहीत असा नियम. हा चौदा नंबर आणि ती टेबल तीन, यापलीकडे दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं. शहाऐंशी साली तपासणीची यंत्रं आली आणि टेबलं उठली.

ब्याऐंशीच्या मार्चमध्ये ब्रोडरची बायको इंकेन गेली. तिला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी हा खांबावर. सातापर्यंत मोजलं आणि पुढचं काही तोंडातून निघेना. टेबल तीननं बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, पुरे, लाइन चांगली आहे, घरी जा. ‘घरी जा’ हे नियमात नव्हतं. तिला इंकेनचं काही माहीतही नव्हतं. ही गोष्ट त्यानं मला एका नाताळात सांगितली होती, रम घातलेल्या तिसऱ्या कॉफीनंतर, आणि पुन्हा कधी काढली नव्हती.

“मग सांगितलंस का तिला?” मी विचारलं.

“काय सांगू?”

“की तू चौदा नंबर.”

“दिवा लागत नाहीये, गेशे. कुठल्या तोंडानं सांगू?”

मला त्याचा राग आला आणि माया वाटली, दोन्ही एकदमच. त्यात साहेबांनी निरोप धाडला की शुक्रवारी बारापर्यंत काम झालं नाही तर ते कीलच्या राउटरवाल्यांकडे जाईल आणि चिठ्ठी माझ्याकडून ‘अपूर्ण’ होऊन त्यांच्याकडे पोचेल. साहेब वाईट नव्हते. घड्याळ बघून जगणारे होते इतकंच.

शुक्रवारी सव्वाअकरा वाजले तरी ब्रोडरचा फोन नाही. शिक्क्यांची डबी माझ्यासमोरच होती, तिच्याकडे बघवेना. शेवटी मीच बाईंच्या घरी फोन लावला.

“तुमचा माणूस माझ्या टेबलाखाली पालथा पडलाय,” बाई म्हणाल्या. “चहा दिला तर घेत नाही.”

मी त्यांना बाराचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, आजचा त्याचा शेवटचा दिवस आहे हेही सांगितलं. चौदा नंबरचं मात्र बोलले नाही, ते सांगणं माझं नव्हतं.  बाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचं बाईंच्या सांगण्यावरून. त्यांनी चष्मा लावला, संगणकासमोर खुर्ची ओढली आणि टेबलाखालच्या माणसाला विचारलं की हे यंत्र कुणाला फोन करतं त्याची कुठे नोंद ठेवतं का. खालून उत्तर आलं की पान एकावन्नवर तसं काही लिहिलंय. लाइन धड आहे तर नंबर बघून काय करायचंय, असं म्हणून ब्रोडरनं ते पान उघडलं नव्हतं. बाईंनी उघडलं आणि तिथलं टाइप केलं. पडद्यावर कालपासूनची सगळी यादी आली, एकाखाली एक त्रेसष्ट फोन. बाईंचा अर्धा जन्म दुसऱ्यांचे आकडे वाचण्यात गेलेला. त्यांना वरच्या दोन ओळी पुरल्या.

“लोरेन्झेन, तुम्ही शून्य कशाला लावलंय पुढे?”

टेबलाखाली हालचाल थांबली.

आमच्या कचेरीत कुठूनही बाहेर फोन करायचा तर आधी शून्य फिरवायचं, बाहेरची लाइन मिळाली की मग पुढचा नंबर. आम्हाला सगळ्यांना ती खोड लागलेली. मी स्वतः घरून बहिणीला फोन करताना शून्य लावून भलत्याच गावच्या खाटकाला गाठलं आहे. ब्रोडरनं पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं, फक्त नंबरापुढे एक्केचाळीस वर्षांच्या सवयीचं शून्य ठेवलं होतं, आणि ते त्याला दिसतच नव्हतं.

“ही कचेरी नाही,” बाई म्हणाल्या. “इथे बाहेर जायला कुणाला विचारावं लागत नाही.”

तो गुडघे धरत उठला आणि त्यानं शून्य पुसलं. दिवा लुकलुकला, लागला, आणि लागलेलाच राहिला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. ब्रोडर लगेच हत्यारं पेटीत भरायला लागला. आता इथून निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“आणि तपासणी?” बाईंनी विचारलं.

“ती आता यंत्र करतं.”

“यंत्राला काय कळतं. बाहेरच्या फोनवर जा आणि माझ्या दुसऱ्या नंबरला लावा. शून्य नको.”

तो गेला. स्वैपाकघरातला फोन वाजला. बाईंनी तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

“टेबल तीन,” त्या म्हणाल्या.

मधे एक भिंत होती आणि दार उघडंच होतं. तरी ब्रोडर रिसीव्हर कानाला घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“चौदा नंबर,” तो कसाबसा म्हणाला.

“माहीत आहे. काल स्क्रू मोजत होतात तेव्हाच कळलं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं विसरला असाल. मोजा.”

त्यानं मोजायला सुरुवात केली. दोन्ही वाटा त्या दोघांनी अडवल्या होत्या, त्यामुळे राउटरचा हिरवा दिवा विझला होता. तिकडे कुणी पाहिलं नाही. चार, पाच, सहा. सातावर तो थांबला.

बाई म्हणतात, पुरे म्हणणं सोपं होतं. ब्याऐंशीत त्या ते म्हणाल्या, आणि मग रिसीव्हर ठेवल्यावर किती वर्षं त्यांना वाटत राहिलं की पुढचे तीन आकडे त्या माणसानं कुठे नेऊन ठेवले असतील.

“अजून तीन राहिलेत,” त्या म्हणाल्या. “मी थांबलेय.”

त्याला वेळ लागला. किती ते दोघंही सांगत नाहीत.

“आठ,” तो म्हणाला. “नऊ. दहा.”

“लाइन चांगली आहे,” बाई म्हणाल्या. या वेळी ‘घरी जा’ म्हणाल्या नाहीत. गार चहा मोरीत ओतला आणि दुसरं आधण ठेवलं.

आधण उकळायच्या आत कचेरीत माझा फोन वाजला. “टेबल तीन,” पलीकडून आवाज आला, मघाचाच, पण आता कामावरचा. “चौदा नंबरचं काम पुरं. अकरा छप्पन्न. लिहून घ्या.” मी लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलं.

ब्रोडर दीड वाजता आला. प्लमच्या केकचे कडेचे दोनच तुकडे उरले होते आणि साहेबांचं भाषण होऊन गेलं होतं. त्यानं चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. ‘तपासणी’च्या चौकटीत गेली तेरा वर्षं सगळेच एक आडवी रेघ मारत होते. तिथे त्यानं आपल्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, टेबल तीन.

मी शिक्का उचलला आणि वर पाहिलं. तो थांबला नव्हता. खिडकीशी उभा राहून, आमच्याकडे पाठ करून, केक खात होता.