घाईतली अक्षरं

पहिलं सांगून टाकते, म्हणजे मागाहून घोळ नको. ती अक्षरं माझी आहेत.

उल्हासनगरच्या बाजारात कुणालाही विचारा, स्टीलच्या भांड्यावर नाव घालावं तर सदाभाऊंनी, असंच सांगतील. सदाभाऊ म्हणजे आमचे हे. पण सत्त्याण्णव साली यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि तेव्हापासून यांनी साध्या वाटीवरसुद्धा नाव घातलेलं नाही. हे सकाळी कॅम्प दोनला सेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसतात, उजवा हात मांडीवरच्या पेपराखाली. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून देतं, हे "परसों मिलेगा" म्हणतात आणि संध्याकाळी गोणीत भांडी भरून अंबरनाथला घरी आणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून मी बसते. नाव घालायचं मशीन म्हणजे वायर लावलेलं जाडजूड पेन. त्याचं टोक थरथरत असतं आणि पत्र्यावर टिंबाला टिंब लागून रेघ उमटते. आवाज बराच होतो, पण आमच्या मोरिवलीत एवढे कारखाने धडधडतात की आमच्या पेनाकडे कुणाचं लक्ष जाणार!

नऊ वर्षं हे असं चाललं. यांनी कधी "कुणाला सांगू नकोस" म्हटलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही. सेठला ठाऊक असावं, पण त्याला काम वेळेवर मिळाल्याशी मतलब. चारचौघांत कुणी म्हणालं, "सदाभाऊ, हातात जादू आहे हो तुमच्या," की हे मान खाली घालून हसायचे आणि मी मूग गिळून बसायचे. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

दोन हजार सहाच्या जानेवारीअखेर माधवी आली. बदलापूरची मुलगी, पंचवीस-सव्वीसची, मुंबईला एका कंपनीत फॉन्ट बनवायचं काम करायची. कॉम्प्युटरवर टाइप केलं की जी अक्षरं उमटतात त्यांचा साचा म्हणजे फॉन्ट, हे मला तिनेच समजावलं. तिच्या आईच्या टोपांवरची नावं बघून तिला म्हणे वेड लागलं. मग पार वांगणीपर्यंत लोकांच्या घरी जाऊन भांड्यांवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि दोनशे नावं उतरवून आणली. लग्नपत्रिका, पाट्या, मथळे असल्या गोष्टींसाठी त्या अक्षरांचा शोभेचा फॉन्ट करायचा होता तिला. विचारत विचारत ती सेठच्या दुकानावर पोचली आणि तिथून आमच्या घरी.

"काका, तुमची वेलांटी!" ती आल्या आल्या म्हणाली. "अशी वेलांटी मी कुठे बघितलेली नाही. फॉन्टखाली तुमचं नाव छापून येणार. अक्षर, सदाशिव रोकडे."

हे हसले. मान खाली घालूनच. मी चहात साखर टाकली की मीठ, मला आठवत नाही.

पुढे दर रविवारी ती यायची. वंदनेला विहारात जायचं सोडून हे इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर पेपर पसरून तिची वाट बघत बसायचे. ती मोठे मोठे कागद पसरायची, एकेका कागदावर एकेक अक्षर, ताटाएवढं. माझा क ताटाएवढा! मी आयुष्यात तो बोटाच्या पेरापेक्षा मोठा काढलेला नाही. आणि लगेच दिसलं की बाईने त्याची वाट लावलीय.

माझी वेलांटी आडवी असते, अक्षराच्या डोक्यावर झोपलेली. हिने ती उचलून ताठ उभी केली होती.

"इथे जागा आहे ना वर, म्हणून मोकळी केली," ती यांना सांगत होती. "बरी दिसते ना, काका?"

"बरी दिसते," हे म्हणाले.

बरी दिसते! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. स्वयंपाकाच्या ओट्यावरचं उगाच इकडचं तिकडे केलं, झाकण आपटलं. टोपाला वर दुमडलेला काठ असतो, त्याच्याखाली बोटभर जागा. त्यात नाव बसवायचं तर वेलांटी निजवावीच लागते, आणि पळीच्या दांड्यावर तर त्याहून. दहा हजार भांड्यांवर घासून घासून ते वळण झालंय. ते काढून घेतलं तर माझ्या अक्षरात राहिलं काय?

अनुस्वाराचं तेच. मी एक टिंब देत नाही, चार टिंबं जवळ जवळ देते, फुलासारखी. माधवीने विचारलं, "काका, हे फूल का?"

"शोभेला," हे म्हणाले.

"मग मी साधं गोल टिंब करू? बारीक छापलं की त्या चार टिंबांचा गिचका होतोय."

"कर की."

आता मात्र मला राहवेना. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "शोभा कसली डोंबलाची! एक टिंब वर्षभरात काथ्याने घासून उडून जातं. शांताबाईची शाताबाई होते आणि बायका भांडं घेऊन भांडायला येतात. चार दिली की एखादं तरी टिकतं."

माधवीने मान वळवून बघितलं. "काकू, तुम्हाला बरं माहीत!"

"घरात हेच बघते ना रात्रंदिवस," मी म्हटलं आणि नळ सोडला. हे माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या ताटात माती कालवलीय.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. दुपारी मशीन घेऊन बसले की हात चालता चालता थांबायचा. हा ग ताटाएवढा केला तर कसा दिसेल, ह्या कान्याचं टोक ती कापेल का, उकार सरळ करील का, हेच. एका लग्नाच्या कळशीवर वराचं नाव वधूच्या जागी घातलं, एवढी वर्षं कधी झालं नव्हतं असं. शनिवारी रात्रीचं जेवण वाढता वाढता मी यांना पढवायचे. "तिला सांगा, वेलांटी निजव. तिला सांगा, फूल राहू दे, फक्त टिंबं जरा लांब लांब घे." हे "हं, हं" करायचे आणि रविवारी निम्मं विसरायचे, निम्मं उलटं सांगायचे. तरी पोरगी गुणी. फूल तिने परत आणलं, टिंबं सुटी केली. वेलांटी जरा खाली आली. प्रत्येक रविवारी माझी अक्षरं थोडी थोडी माझ्यासारखी व्हायला लागली. आणि खाली नाव यांचं.

सांगू का तिला? सांगितलं तर बाजारात बोभाटा होणार. नऊ वर्षं ओट्यावर बसून हा माणूस लोकांना फसवत होता, असं म्हणतील. यांनी दुकानावर तोंड कसं दाखवायचं? नाही सांगितलं तर छापून गेल्यावर कायमचं गेलं. सकाळी ठरवायचे सांगायचं, दुपारी ठरवायचे नाही सांगायचं. भाजी निवडता निवडता देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात, अशी गत.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी माधवी दमलेली आली. बुधवारी सगळं कंपनीला द्यायचं होतं.

"काका, एक अडचण आहे," ती म्हणाली आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "यात दोन वळणं आहेत. ही सत्त्याण्णवच्या आधीची तारीख असलेल्या भांड्यांवरची, ताठ. आणि ही नंतरची, जरा गोलसर. तुमचा हात नंतर बदलला बहुतेक. मी दोन्ही मिसळून बघितली, पण एका ओळीत दोन माणसं बोलल्यासारखं वाटतं. एकच ठेवायला हवं. मला नंतरची आवडतात, पण अक्षर तुमचं, नाव तुमचं. तुम्ही सांगाल ती ठेवते. दुसरी काढून टाकते."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

यांनी दोन्ही कागद जवळ ओढले. मग डाव्या हाताचं बोट ताठ अक्षरांवर ठेवलं. "ही माझी."

"आणि ही?"

"ती घाईतली. टाकून दे."

माधवीचा चेहरा पडला. "नक्की, काका?"

"टाकून दे म्हटलं ना."

तिने लाल पेन काढलं आणि फुल्या मारायला लागली. क वर फुली. ख वर फुली. ग, घ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव तुमचं छापा, मी एवढंसुद्धा गिळलं असतं. पण माझी अक्षरं माझ्याच घरात कचऱ्यात घालायची? पेन च वर आलं तेव्हा मी ट्रे दाणकन ठेवला. चहा सगळा सांडला.

"थांब गं! घाईतली नाहीत ती. एकही घाईतलं नाही. माझी आहेत ती. सत्त्याण्णवपासून एकूण एका भांड्यावर नाव मी घातलंय, इथे, ह्या खोलीत बसून."

माधवी पेन तसंच धरून राहिली. तिने यांच्याकडे बघितलं.

"शीला," हे म्हणाले.

"शीला काय शीला! टाकून दे म्हणायला जीभ तरी कशी रेटली तुमची? नऊ वर्षं तुम्ही कुणाच्या जिवावर..."

यांनी पेपराखालून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. हात थरथरत होता, बशीसुद्धा वाजायला लागली. माधवीने नजर खाली केली.

"भांड्यावर आपलं नाव नसतं," हे म्हणाले. "लोकांचं असतं. म्हणून चाललं इतकी वर्षं. यावर माझं नाव येणार होतं. तुझ्या अक्षराखाली माझं नाव मी कसं येऊ देऊ? दोन महिने ती पोरगी येतेय, दोन महिने मला झोप नाही. तुझी आहेत म्हणून सांगावं, तर तोंड उघडत नव्हतं. म्हणून टाकून दे म्हटलं." मग रागानेच, "आणि तू तरी कधी बोललीस? माझी मी सांगितली. तुझी तू सांगायची होतीस."

नऊ वर्षं मी यांच्याशी मनात भांडत होते. काय काय बोलायचं, सगळं पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य कामाचं राहिलं नाही. मला रडू आलं, आणि यांचा राग आला, आणि यांची माया आली, सगळं एकदमच. पदराने टेबलावरचा चहा पुसत राहिले.

माधवीने लाल पेनाला टोपण लावलं. "काकू, ज्या अक्षरांवर फुल्या पडल्या ती घरी परत छापून घेईन मी. पण ञ, ङ, ऋ कुठल्याच भांड्यावर नीट मिळाले नाहीत. तुम्ही काढून द्याल?"

"बुधवारपर्यंत ना? आत्ता देते," मी म्हटलं आणि मांडणीवरचं एक रिकामं ताट ओढलं.

हे उठले. कपाटावरून मशीन काढलं, वायर सोडवली आणि बोर्डाशी जाऊन उभे राहिले. प्लग आत जायला तीनदा चुकला. चौथ्यांदा गेला. मी जागची उठले नाही, हातही पुढे केला नाही. यांनी बटण दाबलं आणि पेन माझ्याकडे दिलं.