एकाच तळ्यातल्या गोगलगायी

औरंगाबादच्या एका कॉलेजात मधुसूदन प्राणिशास्त्र शिकवत. सोयगावकडच्या एकाच तळ्यात सापडणाऱ्या गोगलगायी त्यांनी स्पिरिटच्या बरणीत ठेवल्या होत्या. झाकण त्यांच्याच हातून उघडं राहिलं, स्पिरिट उडालं आणि गोगलगायी वाळून गेल्या.

प्राचार्यांनी विचारलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "सांडू विसरला असेल."

म्हातारा शिपाई सांडू तिथंच दारात उभा होता. सोमवारी तो तळ्यावरून नव्या गोगलगायी घेऊन आला. "सर, माझीच चूक झाली असंल. आता ध्यानात ऱ्हात नाय."

मधुसूदनांना त्याच्याकडे बघवेना. "चूक माझी होती, सांडू."

सांडूनं नव्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. "मग तेवढं मोठ्या सायबांना सांगता का?"

मधुसूदन दोनदा प्राचार्यांच्या दारातून परत फिरले. शेवटी सांडूलाच सोबत घेऊन आत गेले.