उलांडीचे आठ बोल्ट

विश्वासरावांना जावई आवडत नसे, आणि म्हणूनच ते त्याच्याशी फार अदबीने बोलत. ज्या घरातले पणजोबा गायकवाडी अमलात सुभे, म्हणजे जिल्ह्याचे अधिकारी, होते, त्या घरात जावयाला अरे-तुरे करत नाहीत. जे काही विष ओकायचं ते ‘अहो ध्रुवराव’ म्हणूनच ओकावं लागे. एकतीस वर्षं नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात मेंटेनन्स सांभाळून फिटरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेल्या माणसाला हे पथ्य फार जड जात होतं.

ध्रुव मालवणचा. कॉलेजात डिझाइन शिकवायचा, बायकोबरोबर, म्हणजे विश्वासरावांच्या संपदाबरोबर, सयाजीगंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचा, आणि त्याने स्वतःच्या हाताने शिडाची एक कयाक बांधली होती, म्हणजे दोन माणसं मागेपुढे बसतील अशी अरुंद फायबरची होडी. ती जिन्यातून जाईना, म्हणून छाणीला सासऱ्यांच्या गॅरेजात येऊन पडली. विश्वासरावांची स्कूटर तेव्हापासून बाहेर उन्हात.

वाऱ्याने होडी कलंडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना दोन लांबट तरंगे होते. होडीवर आडवे टाकलेले दोन अॅल्युमिनियमचे पाइप त्यांना धरून ठेवत. ह्या सगळ्या प्रकाराला ध्रुव ‘उलांडी’ म्हणायचा. त्याच्या आजोबांचा शब्द. आणि हे पाइप त्याने होडीला बांधले होते दोरीने. चक्क दोरीने!

“बैल आहे का हा, ध्रुवराव?” विश्वासरावांनी विचारलं होतं.

“दोरी थोडी सैल देते, बाबा. लाट आली की सांधा हलतो, होडीला झटका बसत नाही. आमच्याकडे अशाच बांधतात.”

हलतो म्हणे! कारखान्यात जो सांधा हलला तो गळला, आणि गळला की माणूस भाजला. विश्वासरावांनी सगळी नोकरी ह्याच एका भीतीवर काढली होती.

मागच्या महिन्यात मही नदीच्या पात्रात, सिंधरोटला, ती दोरी खरोखरच सैल झाली. डावा तरंगा बुडाला, होडी कलली, आणि पुढे बसलेली संपदा गळ्यापर्यंत भिजली. एकुलती एक पोर, पोहता येत नाही, समोरच्या काठावर मगर ऊन खात पडलेली. काठावर उभे असलेले विश्वासराव चपलांसकट पाण्यात धावले. आणि पोरगी हसत होती! त्या माणसाने बांधलेल्या गाठींवर भरवसा ठेवून मजेत हसत होती.

“ते पाइप बोल्टाने बसवा,” किनाऱ्याला लागल्या लागल्या ते म्हणाले.

“बाबा, होडी त्याची आहे ने?” संपदा म्हणाली. “त्याला कळतं त्यातलं. तुम्ही हात नका लावू.”

तेही जावयासमोर! विश्वासरावांच्या ते जिव्हारी लागलं. घरातला नळ गळला तरी ‘बाबांना विचार’ म्हणणारी पोर ती. तिने एकदा, फक्त एकदा, त्या माणसासमोर ‘बाबांचं बराबर होतं’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते वाटेल ते करायला तयार होते.

शुक्रवारी त्यांनी दोऱ्या कापल्या. छाणीतल्याच एका लेथवाल्याकडून स्टीलच्या जाड पट्ट्या वाकवून आणल्या, होडीच्या वरच्या बाजूला, डेकला, आठ भोकं पाडली, आणि पाइप आठ बोल्टांनी जखडून टाकले. ते झाल्यावर बोल्टांची टोकं हातोडीने चेपली, म्हणजे नट पुन्हा निघायलाच नको. जावयाने काढून परत दोरी बांधली तर? मग पाइपाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. केसभरही हललं नाही. त्या रात्री त्यांना झोप चांगली लागली.

रविवारी होडी टेम्पोतून आपणच आणतो असं त्यांनी सांगितलं, इतक्या गोडीत की संपदाने दोनदा “खरंच?” विचारलं. सिंधरोटला होडी वाळूवर उतरवून टेम्पो गेला. संपदा गाडी काठाशी लावून चहा आणायला टपरीवर गेली. ध्रुवने ताडपत्री ओढली आणि तो खाली बसला. एकेका बोल्टावरून त्याने अंगठा फिरवला.

“कोणाला विचारून?”

“मुलगी माझी आहे, ध्रुवराव. परवानगी कोणाची काढायची?”

ध्रुवचा आवाज चढला नाही. “पक्कं आहे ना?”

“मी केलंय.”

“मग आज संपदाच्या जागी तुम्ही बसा.”

विश्वासरावांना पोहता येत होतं, तेही तरुणपणी. पण नाही म्हणणं म्हणजे आपल्याच कामावर थुंकणं. ते लाइफ जॅकेट चढवून, गुडघे पोटाशी घेऊन पुढे बसले. संपदा चहा घेऊन आली तोवर होडी पाण्यात होती. तिला वाटलं, दोघांचं जमलं. तिने आनंदाने हात हलवला.

पहिली दहा मिनिटं विश्वासरावांच्या आयुष्यातली फार सुखाची गेली. शीड भरलं होतं, पाइप जागच्या जागी होते. “बघितलंत?” ते मागे न वळता म्हणाले.

मग पात्राच्या मधोमध वारा जोरात आला. डाव्या तरंग्यावर सगळा भार गेला, आणि विश्वासरावांच्या मांडीखाली कट्‌ असा आवाज झाला. तो ऐकताच त्यांना कळलं. पट्टी शाबूत होती, बोल्ट शाबूत होते, तडकला होता त्यांच्याखालचा डेक. झटका कुठेतरी जाणारच. घ्यायला दोरी नव्हती, तर होडीने घेतला.

ध्रुवने शीड पाडलं. पण प्रत्येक लाटेला पाइप उचलला जाई, आणि ती पोलादी पट्टी डबा उघडावा तसा डेक उचकटत होती. भेगेतून पाणी आत येत होतं.

“पाइप सोडवा!” त्याने मागून पाना फेकला. “डावीकडचे नट काढा!”

“निघत नाहीत.”

“का निघत नाहीत?”

“टोकं चेपलीत.”

ध्रुवने मालवणीत एक शिवी हासडली. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांतली ही पहिली. मग दोघांनीही उजव्या कडेला अंग टाकलं, आणि ध्रुव वल्ह्याने पाणी मारत राहिला. विश्वासराव ओंजळीने पाणी उपसत होते आणि समोरच्या काठाकडे बघायचं टाळत होते. इथे आज संपदा बसणार होती, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घुमत होता.

कसेबसे काठाला लागले. संपदा गुडघाभर पाण्यात धावत आली. “काय झालं?”

“खडक लागला खालून,” ध्रुव म्हणाला. “कोणाची चूक नाही.”

हे उपकार विश्वासरावांना सहन होईनात. “खोटं. मी बोल्ट मारले. शुक्रवारी. कोणाला न सांगता.”

संपदाने फाटलेला डेक पाहिला, चेपलेली टोकं पाहिली. ती वडिलांवर ओरडली नाही. ती नवऱ्याकडे वळली. “तुला निघायच्या आधी दिसलं होतं?”

ध्रुव शिडाची दोरी गुंडाळू लागला.

“दिसलं होतं की नाही?”

“हो.”

“तडकणार, माहीत होतं?”

“मला वाटलं काठाजवळच तडकेल. जरा भिजले असते, एवढंच.”

“सदुसष्ट वर्षांचे आहेत ते, ध्रुव.”

विश्वासरावांनी जावयाकडे पाहिलं. राग यायला हवा होता, आला नाही. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

“संपदा, ऐक जरा,” दोघं एकदमच म्हणाले.

“हे सगळं माझ्यासाठी करता ने दोघं?” ती म्हणाली. “आता मी नसताना करा.”

तिने गाडी काढली. दोघांचेही फोन, भिजायला नकोत म्हणून, त्याच गाडीत ठेवलेले होते. गाडी वळली आणि झाडांमागे गेली. टेम्पोवाला पाच वाजता येणार होता. तेव्हा साडेअकरा वाजले होते.