शेऱ्याचा रकाना

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका ग्रंथालयाचे, तेथील एका सेवकाचे आणि एका लेखाचे वृत्त यथामती निवेदन करीत आहे. कथेतील विद्यापीठ कल्पित आहे, तेव्हा ते सोलापुरात कोठे वसले आहे याचा शोध घेण्याचे श्रम कोणी करू नयेत. परंतु कथेत जी किळस आहे ती कल्पित नव्हे, आणि ती सौम्य करून सांगण्याची माझी इच्छाही नाही.

होटगीचा शहाजी हा त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षांपासून सेवक होता. शिक्षण दहावीपर्यंत, तेही अपुरे. परंतु नियतकालिकांच्या विभागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टपालाने अंक आला की त्यावर शिक्का मारावा, दाखल नोंदवहीत क्रमांक, नाव, खंड आणि तारीख लिहावी, शेवटचा शेऱ्याचा रकाना गरज पडल्यास भरावा आणि मगच अंक मांडणीवर ठेवावा, हा त्याचा नित्यनेम. इंग्रजीचा अर्थ त्याला लागत नसे, पण अक्षरे तो अचूक उतरवून काढी. पुढे छापील अंक येणे बंद झाले. जगातले सारे अंक संगणकात शिरले, त्यांना ई-जर्नल असे नामाभिधान प्राप्त झाले आणि शहाजीची नोंदवही निम्मी कोरी राहिली.

ई-जर्नलसाठी एक थंडगार कक्ष बांधण्यात आला. चपला बाहेर, मोबाईल बाहेर, दप्तर बाहेर. आत बारा संगणक प्लास्टिकची आवरणे पांघरून बसलेले. पेन ड्राइव्हच्या खाचांवर चिकटपट्टी. त्या संगणकांवर ई-मेल उघडत नसे, आणि छपाईस मुख्य ग्रंथपालांची सही लागे. घरी बसून लेख वाचण्याचीही सोय होती, पण तिचा पासवर्ड मुख्य ग्रंथपाल दिग्विजय साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. "पासवर्ड वाटला की गैरवापर होतो," असे साहेब म्हणत. त्यामुळे गैरवापर टळला, आणि त्याच्याबरोबर वापरही टळला.

असे असता एका सोमवारी साहेबांनी सर्वांस कक्षात बोलावले.

"शुक्रवारी तपासणी समिती येतीय. वर्षभरात किती लेख उघडले गेले? दोनशे सहा! हा आकडा दाखवायचा का मी? आजपासून तीन दिवस सगळ्यांनी बसायचं. लेख उघडायचा, संगणकात उतरवून घ्यायचा, बंद करायचा. पुढचा. शहाजी, तू होटगीचा ना? मग शेती आणि जनावरं तुझ्याकडं."

"पर साहेब, वाचायचं कुनी?"

"वाचायचं कोण म्हणतंय? क्लिक कर!"

शेजारी बसलेला अक्कलकोटचा गुरुबसप्पा हळूच म्हणाला, "शहाजी, बोटाचा पगार येगळा मागा की."

मग जे सुरू झाले त्याचे वर्णन करताना लेखणी अडखळते. भरल्या ताटावर बसून प्रत्येक घास तोंडात घालून थुंकावा, तसे ते काम होते. कोणा परदेशी विद्वानाने आयुष्याची वर्षे घालून लिहिलेला लेख पडद्यावर यावा, आणि तीन क्षणांत शहाजीच्या बोटाने तो मिटावा. दुपारपर्यंत त्याच्या बोटाला माऊसचा चिकटपणा लागला, आणि साबणाने धुतला तरी तो गेला नाही. एवढे मात्र झाले, की दाखल न करता कोणतीही वस्तू ठेवून देणे त्याला अशक्य होते. म्हणून त्याने जुनी नोंदवही काढली, आणि उतरवलेल्या प्रत्येक लेखास क्रमांक देऊन नाव, खंड, तारीख लिहू लागला. फाईलसही तोच क्रमांक देई.

"ही कसली नोंदवही?" साहेबांनी विचारले.

"सवय हाय साहेब. हात थांबत न्हाय."

साहेब हसले व निघून गेले.

त्याच सोमवारी, आणि पुन्हा मंगळवारी, दारात एक मुलगी आली होती. तिचे नाव सोनम. सांगोल्याकडील येडू नामक मेंढपाळाची ती कन्या, प्राणिशास्त्रात संशोधन करीत होती. बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात जंत कमी होतात, हे तिच्या घरी आजोबांपासून ठाऊक; ते तिने शास्त्राच्या कसोटीवर तपासले होते. परंतु प्रबंधाच्या परीक्षण समितीने लिहून पाठवले, की परदेशात असा प्रयोग होऊन गेला आहे. त्या लेखातील कोष्टकाशी तुलना शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत जोडावी, अन्यथा प्रबंध सहा महिन्यांनंतरच्या बैठकीत घेतला जाईल.

"मामा, एकच लेख पायजे. अर्धा तास बसू द्या."

आणि शहाजीने, दोन्ही वेळा, तिला सांगितले होते, "कक्ष कामात हाय बाई. शुक्रवारनंतर या."

वाचकहो, बाराही खुर्च्यांवर न वाचणारे बसले होते, आणि जिला वाचावयाचे होते ती चपला घालून परत गेली. हे शहाजीने स्वतःच्या तोंडाने केले.

गुरुवारी सकाळी प्रत्येक पडद्यावर तांबडी अक्षरे उमटली. लिपिक वैजयंतीबाईंनी ती वाचली, आणि त्यांचा चेहरा पडला. "ई-जर्नल पुरवणाऱ्या कंपनीनं आपल्याला बंद केलं. एका जागेवरून तीन दिवसांत सतराशे लेख उतरले, म्हणून त्यांना वाटतंय हितं चोरी चाललीय. ग्रंथपालांनी खुलासा पाठवला की चालू होईल, असं लिहिलंय."

साहेब म्हणाले, "खुलासा? लेखी? समितीच्या आदल्या दिवशी? वेड लागलंय का! आकडा झालाय ना सतराशे? बास. समिती गेल्यावर बघू."

तेवढ्यात सोनम तिसऱ्यांदा आली. सर्व ऐकून ती दाराच्या चौकटीला टेकली.

"मामा, पुण्याच्या मैत्रिणीला इचारलं, त्यांच्याकडं हे जर्नल न्हाय. लेखकाला मेल केली, उत्तर न्हाय. आमच्या आप्पाला जे पाठ हाय, ते तिकडं कुणीतरी कुलपात ठिवलंय. आनि हितं कुलपाला आनखी एक कुलूप. माझं सहा महिनं कुनाच्या कारनी लागले, तेवढं सांगा."

शहाजीने तिच्या हातातील चिठ्ठी घेतली आणि तीवरील लेखाचे नाव अक्षर अक्षर लावून पाहिले. ते नाव त्याच्या हाताने नुकतेच कोठेतरी लिहिले होते. नोंदवहीच्या पानावरून बोट फिरवीत तो खाली आला आणि थांबला.

"चारशे बारा," तो म्हणाला. "उतरवलाय मी. तिसऱ्या मशीनवर हाय."

"मामा! दावा की मग!"

"आता साहेब बसल्यात. सकाळी ये. लवकर ये."

शुक्रवारी सकाळी साहेबांचे दोन हुकूम सुटले. एक, उतरवलेले सर्व लेख पुसून टाकावेत, म्हणजे कोणी पाहू नये. दुसरा, कक्षात बसवण्यास पाच-सहा विद्यार्थी आणावेत आणि तांबड्या अक्षरांच्या जागी ग्रंथालयाचे मुखपृष्ठ उघडून ठेवावे, म्हणजे समितीने पाहावे. शहाजीने अकरा संगणक पुसले. तिसऱ्यावर त्याने सोनमला बसवले.

"पुसलं सगळं?" साहेबांनी विचारले.

"व्हय साहेब," शहाजी म्हणाला. एकोणीस वर्षांतले हे त्याचे पहिले खोटे, आणि त्या दिवशी त्या इमारतीत बोलले गेलेले सर्वात स्वच्छ वाक्य.

दाराशी साहेब स्वतः पुष्पगुच्छ घेऊन उभे, त्यामुळे मोबाईल आत आणणे अशक्य. छपाईस त्यांचीच सही. सोनमने पेन्सिल घेतली आणि ते चार पानी कोष्टक आकड्यामागून आकडा कागदावर उतरवू लागली. लक्षावधी रुपयांच्या त्या कक्षात ती पाटीवर धडा लिहिणाऱ्या पोरासारखी लिहीत होती.

दुपारी दोनला समिती आली. भिंतीवर आलेख झळकला. वापराची रेघ वर्षभर जमिनीवर आडवी पडून शेवटच्या आठवड्यात उभी आकाशात गेलेली. तिघा सदस्यांपैकी एकानेही विचारले नाही, की ही एकाएकी अशी का उठली. साहेबांनी त्यांना सोनमपाशी नेले.

"सर, ही मेंढपाळाची मुलगी. आमच्या ई-जर्नलांचा लाभ तळागाळापर्यंत पोहोचतो, तो असा!"

छायाचित्र निघाले. एका वृद्ध सदस्याने वाकून पाहिले. "बेटा, संगणक असताना हाताने का लिहितेस?"

सोनमने साहेबांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. अजून दीड पान राहिले होते. सत्य सांगितले तर संगणक तत्काळ बंद होणार, हे तिला कळत होते.

"हातानं लिवलं की ध्यानात ऱ्हातं सर."

"वा! हे संस्कार!" सदस्य उद्गारले, आणि टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्यांनी शहाजीला जी शिसारी आली, ती त्याला जन्मात कशाने आली नव्हती. जिची वाट त्यांनी अडवली, तिलाच त्यांनी तोरणासारखे दाराला टांगले, आणि खोटे बोलण्याची पाळीही तिच्यावरच आणली. तो बाहेर जाऊन नळावर दोन वेळा चूळ भरून आला.

पाचला दहा मिनिटे कमी असताना सोनमने तुलना जोडून प्रबंध विभागात दिला व पोच घेतली. जाताना शहाजीच्या टेबलावर तिने आपली झिजलेली पेन्सिल ठेवली, एवढेच.

समितीने 'उत्कृष्ट वापर' असा अभिप्राय दिला. साहेबांनी पेढे वाटले, आणि शहाजीच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "ती नोंदवही आण. पानं फाडून टाकू."

"फाडता येत न्हाय साहेब."

"का?"

"दाखल झालेलं पान फाडायचं न्हाय. पयल्या दिवशी तुमीच शिकवलंसा."

"मेमो देईन शहाजी."

"द्या की. त्यो बी दाखल करतो."

साहेब तांबडेलाल होऊन गेले. मेमो सोमवारी आला. कंपनीस खुलासा मात्र पुढे अकरा दिवस गेला नाही, आणि तोवर बाराही पडदे तांबडेच राहिले. कोणी विचारावयासही आले नाही.

त्या शुक्रवारी सर्व गेल्यावर शहाजीने पेढा तसाच खिडकीत मुंग्यांना ठेवला. नोंदवही उघडली. शेऱ्याचा रकाना तीन दिवसांत भरला नव्हता. सोनमच्या पेन्सिलीने त्याने पहिल्या ओळीसमोर लिहिले, 'न वाचता बंद केला.' दुसऱ्या ओळीसमोर तेच. पाने उलटत गेली, हात दुखू लागला, तरी तो लिहीत राहिला. चारशे बारा क्रमांकापाशी तो क्षणभर थांबला.

'वाचला,' असे त्याने लिहिले. आणि पुढच्या ओळीवर गेला. 'न वाचता बंद केला.'

येथे हे वृत्त संपले. ते शेवटपर्यंत वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

— सिद्धनाथ आबा कोकरे, होटगी